अडीच हजाराचा एन्व्हलप फिल्टर: विकायच्या आधी एवढं करून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्क्वायर कंपनीची स्ट्रॅट गिटार आहे, १५ वॉटचा छोटा अँप आहे, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज चिरका करणारं पेडल) आहे, आणि आता अडीच हजाराला सेकंड हँड मिनी एन्व्हलप फिल्टर (तार मारशील त्या जोरावर "वाव" करणारं पेडल) घेतलायस, त्यावर सेन्स, क्यू, डिके असे तीन नॉब आणि वर-खाली असा एक बारका स्विच. घरी हळू वाजवलं तर काहीच होत नाही, जोरात मारलं तर एकदा "क्वॅक" होऊन गप्प, भराभर चका-चका वाजवलं तर इफेक्टच गायब, ओव्हरड्राइव्ह लावला की आवाज पातळ होऊन तिथेच अडकतो. आणि आई विचारते घरात बदक पाळलंयस का. तर पेडल खराब आहे का, आणि विकून सरळ वाह (तेच पायाने करायचं पेडल) घेऊ का?

खराब नाहीये. पेडल न बघता सांगतोय, कारण तू लिहिलेली सगळी लक्षणं (आईचं धरून) धडधाकट पेडलचीच आहेत. मी पंचवीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, गणपतीत गिरगाव-लालबाग, नवरात्रात बोरिवली-मुलुंड, बाकी वर्षभर हळदी आणि वाढदिवस, आणि मधल्या वेळात लोकांची पेडलं उघडून दुरुस्त करतो. माझ्याकडे "दादा हे बंद पडलंय" म्हणून जे फिल्टर येतात त्यातले बरेचसे चालूच असतात. सेन्सचा नॉब भलतीकडे असतो आणि वाजवणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की हे पेडल दाबून सोडून द्यायचं नसतं, हे उजव्या हाताने वाजवायचं असतं. कोरस लावला, विसरलास, चालतं. डिले लावला, चालतं. हा तसा नाही, हा प्रत्येक स्ट्रोकला तुझ्या हाताकडे बघत बसतो.

आत काय चालतं ते आधी ऐक, म्हणजे नॉब पाठ करायला नकोत. सकाळी पाणी आलं की नळाखाली हंडा लावतो ना, तो भरत जातो तसा आवाज वर वर चढत जातो, बाहेरच्या खोलीत बसून सुद्धा कळतं की आता भरत आला. धार तीच, खळखळ तीच, फक्त हंड्यातली रिकामी जागा कमी होत जाते आणि त्यामुळे त्या खळखळीतला कुठला भाग घुमणार तो वर सरकतो. फिल्टरचं डिट्टो हेच. सूर बदलत नाही, सा तो सा-च राहतो, पण त्या सुरातला कुठला भाग पुढे येणार ती जागा वर-खाली सरकते, आणि आपल्या कानाला ते "वाव" असं बोलल्यासारखं वाटतं कारण आपण बोलताना तोंड उघडून-मिटून हेच करत असतो. वाह पेडलमध्ये हा हंडा तू पायाने भरतोस. एन्व्हलप फिल्टरमध्ये तो तारेवर पडलेल्या मारानेच भरतो आणि सूर विझत गेला की आपोआप रिकामा होतो.

हे होतं कसं, तर गिटारचा सिग्नल पेडलमध्ये शिरला की दोन वाटांनी जातो. एक वाट फिल्टरमधून अँपकडे, जी आपण ऐकतो. दुसऱ्या वाटेवरचा आवाज कुणी ऐकतच नाही, तो फक्त मोजायला असतो: आधी तो वाढवतात (इथे तुझा सेन्सचा नॉब), मग डायोडने त्याचा खालचा अर्धा भाग वर उलटवतात किंवा कापतात, मग कपॅसिटरमध्ये भरून गुळगुळीत करतात. हातात उरतं काय, तर एक व्होल्टेज जे तू मारलंस की चढतं आणि सूर विझला की उतरतं. तेच व्होल्टेज फिल्टरला ढकलतं. एन्व्हलप म्हणजे हाच चढ-उतार, नाव ऐकून टपालाचं पाकीट डोळ्यासमोर आणू नकोस, मी सुरुवातीला वर्षभर तेच आणायचो.

वाह पेडल बाजारात आलं १९६७ ला, आणि पाय न हलवता वाह ही भानगड लोकप्रिय केली म्यू-ट्रॉन थ्री नावाच्या मोठ्या डब्याने, १९७२ साली, अमेरिकेत न्यू जर्सीच्या म्युझिट्रॉनिक्स कंपनीने काढला तो. माइक बायगेल नावाचा इंजिनिअर गिल्ड या गिटार कंपनीसाठी सिंथेसायझर बनवत होता, ते काम बारगळलं, आणि त्यातला फिल्टरचा भाग उचलून हे पेडल झालं. म्हणून याचा आवाज वाहपेक्षा जास्त सिंथकडे झुकतो. स्टीव्ही वंडरने १९७३ च्या हायर ग्राउंड या गाण्यात क्लॅविनेट (कीबोर्डसारखं वाद्य) त्यातूनच वाजवलंय, बूट्सी कॉलिन्सचा बास आणि जेरी गार्सियाची गिटार पण त्यातूनच. हे तिघं ऐक, पण ऐकताना इफेक्टकडे लक्ष देऊ नकोस, स्ट्रोक किती कमी-जास्त जोराचे आहेत तिकडे दे. त्या जुन्या डब्यात एलईडी आणि उजेडाने रेझिस्टन्स बदलणारा सेल असे दोघं एका काळ्या कवचात समोरासमोर बसवलेले असत, सिग्नल आला की एलईडी पेटणार आणि सेल फिल्टर उघडणार. तो सेल उजेड गेल्यावर जरा आळसावून पूर्वपदावर येतो, म्हणून त्याचा उतार लोण्यासारखा वाटतो. स्वस्त पेडलमध्ये ते काम बहुतेक वेळा एखादी चिप नाहीतर ट्रान्झिस्टर करतो, तो चटपटीत असतो पण जरा खडबडीत. हा फरक खरा आहे, मी नाही म्हणणार नाही. पण तुझी आत्ताची अडचण ती नाहीच्चे.

आता तुझं पहिलं दुखणं, हळू वाजवलं की काहीच होत नाही. एक विचारतो, घरी आवाज कमी ठेवायला तू काय करतोस? अँपचा व्हॉल्यूम खाली करतोस की गिटारचा? मी पैज लावतो, गिटारचा नॉब ३-४ वर असणार, आणि वर भिंतीपलीकडचे काका ओरडतील म्हणून हातही चोरून पडत असणार. पेडल अँपच्या आधी आहे, अँपचा आवाज किती आहे ते त्याला माहीतच नसतं. त्याला फक्त गिटारमधून काय आलं ते कळतं, आणि तू त्याला उपाशी ठेवलंयस. तर गिटार फुल्ल १० वर, हात नेहमीसारखा मोकळा, आणि जे काही दाबायचं ते अँपवर दाब, अगदी पुटपुटण्याइतका केलास तरी चालेल. स्ट्रॅटचे सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, एकेरी गुंडाळीचे, आवाज उचलणारे चुंबक) आधीच कमी आउटपुट देतात, त्यात गिटार अर्धी बंद म्हणजे मोजणाऱ्या वाटेवर काही पोचतच नाही.

मग असं कर. ओव्हरड्राइव्ह बंद. अँप क्लीन, बेस जरा वर. पिकअप स्विच गळ्याकडच्या दोन पिकअपवर, म्हणजे गळा आणि मधला एकत्र. पेडलवर क्यू मध्यावर, डिके मध्यावर, स्विच वर, सेन्स पूर्ण शून्य. आता डी तारेवर सातवा फ्रेट दाब आणि एकच सूर सारख्या जोराने मारत राहा, एक मार, विझू दे, पुढचा मार. शून्यावर आवाज तोंडावर उशी ठेवल्यासारखा बंद येईल. आता सेन्स कणभर वाढव. पुन्हा मार. पुन्हा कणभर. एका जागी आल्यावर ती उशी जरा हलेल, "वु" चं "वू-ओ" होईल. अजून पुढे गेलास की "वाव" पूर्ण येईल, आणि त्याच्याही पुढे गेलास की नुसतं "आ", म्हणजे फिल्टर मारल्या मारल्या धाडकन उघडून तिथेच टेकतो. तुला हवी ती जागा "वाव" च्या किंचित आधीची, जिथे नेहमीच्या हाताने मारलं की तीन चतुर्थांश उघडतं आणि मुद्दाम जोर लावला की पूर्ण. वर थोडी जागा शिल्लक ठेवायची, तीच पुढे वाजवायला उपयोगी पडते.

स्वस्त पेडलची खरी कमजोरी इथे आहे. महागड्या पेडलमध्ये ही जागा नॉबच्या चांगल्या मोठ्या पट्ट्यात पसरलेली असते. तुझ्या पेडलमध्ये ती बहुधा ९ ते ११ वाजेपर्यंत असेल (घड्याळ धरून सांगतोय) आणि त्यापुढचा सगळा नॉब म्हणजे उघडा दरवाजा. लोक नॉब १२ वर ठेवतात कारण मधोमध म्हणजे नॉर्मल असं डोक्यात असतं, आणि मग म्हणतात हे एकच आवाज काढतं. जागा सापडली की पांढऱ्या मार्करने बारीक रेघ मारून ठेव. मी माझ्यावर दोन रेघा मारल्यात, एक स्ट्रॅटची, एक हंबकरवाल्या (दुहेरी गुंडाळीच्या पिकअपच्या) गिटारची. ती दुसरी रेघ कशी आली ते सांगतो. मुलुंडला नवरात्राचा प्रोग्रॅम होता, दुपारी साउंड चेकला स्ट्रॅटवर सगळं मस्त बसवलं, आणि ऐनवेळी स्ट्रॅटची तार तुटली म्हणून दुसरी गिटार गळ्यात घातली, हंबकरची. तिचं आउटपुट जास्त, त्यामुळे फिल्टर पहिल्या स्ट्रोकला जो उघडला तो पूर्ण गरबा संपेपर्यंत मिटलाच नाही, समोर हजारभर माणसं फिरतायत आणि माझी गिटार पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखी वाजतेय. कीबोर्डवाला माझ्याकडे बघून हसत होता. मी गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला आणि लगेच जागेवर आलं, पण ते सुचायला दोन गाणी गेली. ते लक्षात ठेव, गिटारचा व्हॉल्यूम नॉब हा तुझा दुसरा सेन्स नॉब आहे आणि तो खाली वाकायला लावत नाही.

आता दुसरं, भराभर वाजवलं की इफेक्ट गायब. हे डिकेचं, म्हणजे फिल्टर मिटायला किती वेळ घेतो त्याचं, गणित आहे आणि ते एकदा कागदावर कर. समजा गाण्याची लय मिनिटाला १०० बीट. म्हणजे एक बीट ०.६ सेकंदाचा. तू एका बीटमध्ये चार स्ट्रोक मारतोस, चका-चका, म्हणजे दोन स्ट्रोकमध्ये ०.१५ सेकंद. आता डिकेचा नॉब अशा जागी असेल की फिल्टरला मिटायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, तर काय होणार? मिटायला निघाला की पुढचा स्ट्रोक येऊन त्याला परत ढकलणार, म्हणजे तो कायम उघडाच. वाव ऐकू यायला आधी मिटायला तर पाहिजे! मला हे कळलं ते बेंजोमुळे. आमच्या वाडीतल्या बेंजो पार्टीतला एक मित्र आहे, त्याचा इलेक्ट्रिक बेंजो एकदा गंमत म्हणून मी या फिल्टरमध्ये घातला, आम्हाला वाटलं कोळीगीत असं काही भन्नाट वाजेल की गल्ली नाचेल. कसलं काय. बेंजोवर पट्टी अखंड तुरतुर फिरत असते, सूर विझायला वेळच मिळत नाही, त्यामुळे फिल्टर पहिल्या सुराला उघडला आणि तसाच. तो म्हणाला, "काय रे, नुसता ट्रेबल वाढवायचं मशीन आणलंस का?" मग मी त्याला म्हटलं एक सूर मार आणि थांब, आणि ओळीच्या शेवटचा सूर तेवढा जोरात. तेव्हा कुठे बोललं.

म्हणून भराभर वाजवायचं असेल तर डिके कमी कर आणि सेन्स पण कणभर खाली घे, आणि मुख्य म्हणजे सगळे स्ट्रोक सारखे मारू नकोस. सातव्या फ्रेटला ई नाइन धर, डाव्या हाताची बोटं तारांवरून उचलून नुसती टेकवून ठेव म्हणजे सूर न येता "चक" येईल, आणि बीटमधल्या चार स्ट्रोकपैकी एकच दाबून वाजव, बाकी तीन चक. पण सावध, चक मारताना पण फिल्टर ऐकतोच आहे, जोरात चक मारलास तर तो त्यालाही उघडणार. म्हणून ते तीन अगदी पिसासारखे. तबलजी डग्ग्यावर सगळीकडे घिस्सा मारतो का? नाही ना, हवा तिथेच मनगट सरकवतो आणि म्हणून तो बोल उठून दिसतो. बस तसंच. आधी मेट्रोनोम ७० वर लाव, १०० च्या नादी लगेच लागू नको, हात सारखा पडायची सवय मोडायला आठवडा तरी जातो.

डिके कमी करताना एक गोष्ट ऐकू येईल, ती दोष समजू नको. जाड ई आणि ए तारेवर सूर घरघरल्यासारखा, गुळण्या केल्यासारखा वाजेल. कारण असं की मोकळी जाड ई म्हणजे सेकंदाला ८२ कंपनं, आणि मोजणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर झटपट रिकामा व्हायला लावलास तर तो प्रत्येक कंपनामागे थोडा थोडा रिकामा होतो आणि परत भरतो, म्हणजे फिल्टर सुराबरोबरच थरथरतो. पातळ तारांवर कंपनं इतकी जवळ जवळ येतात की मधे रिकामं व्हायला फुरसत नसते. महाग पेडलमध्ये यावर जास्त काम केलेलं असतं, स्वस्तात नाही. उपाय सोपा, डी, जी, बी या तारांवर राहा, तसंही बँडमध्ये खालचं बासवाल्याचं रान आहे.

क्यू बद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. जो भाग पुढे येतो त्याचा उंचवटा किती टोकदार, एवढंच ते. जास्त केलास की बदक, कमी केलास की मांजर. पण टोकदार उंचवट्याने तेवढीच एक जागा आवाजात उडी मारते, अँपचा छोटा स्पीकर तिथे ओरडतो आणि बाकीचा आवाज बारीक वाटतो, म्हणून पेडल चालू केल्यावर काही सूर कानात घुसतात आणि काही हरवतात. तुझ्या पेडलला आउटपुट व्हॉल्यूमचा नॉब नाही, त्यामुळे क्यू मध्याच्या खालीच ठेव, आईची पण तक्रार कमी होईल. कंप्रेसर (हळू-जोराचे सूर एका पातळीवर आणणारं पेडल) असेल कधी तर तो फिल्टरच्या नंतर लावायचा, उड्या तिथे दबतात. आधी लावलास तर सगळे स्ट्रोक सारखे होऊन फिल्टरकडे जातील आणि त्याला हात ऐकूच येणार नाही.

ओव्हरड्राइव्हचं पण हेच नाटक आहे. तू बहुतेक गिटार, मग ओव्हरड्राइव्ह, मग फिल्टर असं जोडलंयस. ओव्हरड्राइव्ह सिग्नलची डोकी कापून सपाट करतो, हळू मार की जोरात मार, बाहेर जवळजवळ तेवढंच येतं, आणि ते पण गिटारपेक्षा कितीतरी मोठं. मग फिल्टर टोकापर्यंत उघडून तिथे अडकतो, खालचा गाभा कापला जातो, तोच तुझा पातळ आवाज. उलटं जोड: गिटार, ट्यूनर असेल तर ट्यूनर, मग फिल्टर, मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले वगैरे. आता फिल्टरला तुझा खरा हात मिळतो आणि ओव्हरड्राइव्ह त्या वाववर रंग चढवतो. ओव्हरड्राइव्हचं गेन मात्र अर्ध्याच्या खालीच, नाहीतर तो वावच चिरडून टाकतो.

पण ओव्हरड्राइव्ह आधी आणि फिल्टर नंतर हे चूकच असं पण नाही हां. तसं मुद्दाम करतात, कारण चिरका आवाज भरगच्च असतो, फिल्टरला चावायला पुष्कळ मिळतं, आणि तेव्हा गिटार एकदम जुन्या सिंथसारखी बोलते. फक्त सेन्स जवळजवळ शून्याला न्यावा लागतो, ओव्हरड्राइव्हचा लेव्हल नॉब खाली, आणि गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर म्हणजे ओव्हरड्राइव्ह थोडा तरी श्वास घेतो. लांब सूर धर, विझताना फिल्टर हळूहळू मिटत जातो ते ऐक, भारी वाटतं. तिथेच तो स्विच खाली करून बघ, म्हणजे फिल्टर उघडा असतो आणि मारल्यावर मिटतो, टेप उलटी फिरवल्यासारखं "याऊ". क्लीन आवाजावर मला हे कधीच आवडलं नाही, पण या जोडणीत चालतं.

नॉब समजून घ्यायची अजून एक युक्ती, कारण दोन्ही हात गिटारवर असताना नॉब कोण फिरवणार. कुणाचा लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं पेडल) मिळाला तर तो फिल्टरच्या आधी लाव, चार बारचं काहीतरी क्लीन रेकॉर्ड कर, त्यात मुद्दाम हळू आणि जोराचे दोन्ही स्ट्रोक असू देत, आणि ते फिरत असताना जमिनीवर बसून अर्धा तास नुसते नॉब फिरव. लूपर फिल्टरच्या नंतर लावलास तर काही उपयोग नाही, रेकॉर्ड झालेलं बदलत नाही. लूपर नसेल तर मित्राला वाजवायला लाव आणि तू नॉबवर बस, वडापाव तुझ्याकडून.

घरातला गुणगुण आवाज. तू लिहिलं नाहीस पण तो येतच असणार, सिंगल कॉइल आहेत. सेन्स वाढवलं की फिल्टर ती गुणगुण पण उघडून दाखवतो, "हम्म" चं "ह्वाम्म" होतं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बघ, मधल्या स्पीडवर असेल तर तोच खरा चोर असतो, पंखा एकदम फुल्ल किंवा बंद करून बघ, फरक कळेल. उकाड्यात बंद करवत नाही हे मान्य, मग फुल्लवर ठेव. शिवाय गळा आणि मधला पिकअप एकत्र घ्यायला सांगितलं त्याचं एक कारण हे पण आहे, बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो आणि दोघं मिळून गुणगुण बरीचशी मारतात.

अडॅप्टरवर मात्र थट्टा नाही. ९ व्होल्ट डीसी, आणि पिनच्या मधला भाग मायनस, पेडलच्या पाठीवर तसं छोटं चित्र असतं ते बघूनच लाव. घरात पडलेला राउटरचा नाहीतर सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसू नकोस, तो बहुतेक १२ व्होल्ट असतो आणि मधला भाग प्लस, म्हणजे सगळंच उलटं. मी केलंय हे, शोच्या घाईत, चांगल्या फेजर पेडलवर. आधी वास आला, मग पातळ धूर, मग काही नाही. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन चिप आणि डायोड शोधत बसलो, भाग मिळाले पण बोर्डावरची पट्टीच उठली होती. मोठ्या जुन्या क्यू-ट्रॉन नावाच्या एन्व्हलप फिल्टरला २४ व्होल्ट लागतात हे कुणीतरी सांगेल, ते त्याचं खास आहे, आपल्या मिनीशी त्याचा संबंध नाही. मिनीत बॅटरी बसत नाही, त्यामुळे अडॅप्टर चांगला घे, पैसे तिथे घाल.

आता खरंच खराब असेल तर कळायचं कसं, कारण सेकंड हँड आहे. स्विच वर ठेव, सेन्स पूर्ण शून्य, एक सूर मार. मग सेन्स पूर्ण फुल्ल, तोच सूर तेवढ्याच जोराने. शून्यावर बंद आणि फुल्लवर उघडा, एवढा फरक आला म्हणजे मोजणारी वाट आणि फिल्टर दोन्ही जिवंत आहेत, विषय संपला. दोन्हीकडे सारखाच आवाज येत असेल, तोही गिटार १० वर असताना, तर आतमध्ये लोचा आहे. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर ते पावसाळ्याचं, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये जॅक आणि नॉबला गंज धरतोच, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा गरागरा. आत उघडल्यावर छोटा पितळी स्क्रूसारखा ट्रिमपॉट दिसला तर आधी फोटो काढ आणि मार्करने जागा लिही, मगच हात लाव. काहींमध्ये तो फिल्टरची सुरुवातीची जागा ठरवतो, कणभर फिरवला तरी आवाज पार बदलतो, आणि आधीच्या मालकाने तो फिरवून ठेवलेला असू शकतो, म्हणून तुझी रेघ आणि दुसऱ्याची रेघ जुळणार नाही.

राहिलं वाह. वाह घे की, पण हे विकून नको. वाहने सोलो बोलतो, पाय तुझ्या मनासारखा फिरतो, पण गाताना किंवा उभ्याउभ्या दोन तास रिदम वाजवताना पाय सतत हलवणं म्हणजे पोटरीत गोळा. आणि वाह बोर्डावर जागा पण बरीच खातं, तुझं मिनी पेडल खिशात बसतं, विरार लोकलमध्ये संध्याकाळी गिटार बॅग घेऊन चढायचं असतं तेव्हा याची किंमत कळते. शिवाय अडीच हजाराचं हे विकायला गेलास तर दीडच्या वर कुणी देणार नाही, तू स्वतःच घासाघीस करून घेतलंयस ना. एवढ्या पैशात वाह येत नाही, आला तर त्याचा पॉट खरखरत येतो.

पुढच्या रविवारी जॅम आहे म्हणालास तर एकाच गाण्यात लाव, सगळ्यात नको. कडव्याच्या मागे ई नाइनवालं चक-चक, डिके कमी, क्यू मध्याच्या खाली, आणि मुखडा आला की पेडल बंद. ड्रमरला आधी सांग की मी हळू वाजवणार आहे, नाहीतर तो जोर वाढवतो, मग तू वाढवतोस, आणि फिल्टर परत उघडा पडतो. जॅम पॅडवरचा, म्हणजे सरावाच्या खोलीतला, अँप मोठा असणार, तिथे पोचल्यावर सेन्सची रेघ हलवू नको, ती गिटारशी बांधलेली आहे, अँपशी नाही. क्यू तेवढा कानाने बघ. आणि तार तुटली तर दुसऱ्याची गिटार घेण्याआधी तिचे पिकअप बघून घे.